एरिक कॅम्पबेल: चॅप्लिनच्या हशातला अर्धा वाटा त्याचा नाही का?

रीळवाला (धागाकर्ता)
गेल्या रविवारी लेकीला 'ईझी स्ट्रीट' दाखवला. दहा वर्षांची आहे. पोट धरून हसली, आणि सिनेमा संपल्यावर पहिला प्रश्न चॅप्लिनबद्दल नव्हता. "बाबा, तो दांडगा कोण?"

तो एरिक कॅम्पबेल. १९१६-१७ मध्ये चॅप्लिनने म्यूच्युअल कंपनीसाठी छोटे-छोटे बारा सिनेमे केले. एकट्याच्या जिवावर पेललेला 'वन ए. एम.' सोडला तर बाकी अकरांत समोर हाच. कधी दुकानाचा मॅनेजर, कधी शिंपी, कधी हेडवेटर, कधी गल्लीतला गुंड. सहा फुटांच्या बराच वर देह, शिंगांसारख्या वर वळवलेल्या जाड भुवया.

'ईझी स्ट्रीट'मधला दिव्याचा खांब आठवा. नवा शिपाई म्हणून आलेल्या चार्लीला ताकद दाखवायला कॅम्पबेल रस्त्यावरचा गॅसचा खांब वाकवतो. त्या फुशारकीनेच दिवा चार्लीच्या हाताच्या उंचीवर येतो. चार्ली पाठीवर उडी घेतो, दिव्याची पेटी त्याच्या डोक्यात अडकवतो आणि गॅस सोडतो. खांब वाकवणारा खरोखर भीतिदायक वाटला नसता, तर त्या उडीला कोण हसलं असतं?

माझं म्हणणं एवढंच: त्या अकरा सिनेमांतल्या हशाचा अर्धा वाटा कॅम्पबेलचा आहे, आणि तो त्याच्या खात्यावर कधी जमा झालाच नाही.

खोडरबर
सहमत नाही. कॅम्पबेल मलाही आवडतो, पण 'अर्धा' हा शब्द प्रेमापोटी आलाय.

१९८३ साली केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी 'अननोन चॅप्लिन' ही माहितीपट मालिका केली. चॅप्लिनने टाकून दिलेलं फुटेज तीत आहे. तो कॅमेरा चालू ठेवूनच तालीम करायचा, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घ्यायचा, मधेच कथा फिरवायचा. प्रत्येक नजर, प्रत्येक लाथ त्यानेच घडवलेली. अशा ठिकाणी समोरच्या नटाचा वाटा अर्धा कसा?

आणि कॅम्पबेल गेल्यावर काय झालं? 'द किड' १९२१, 'द गोल्ड रश' १९२५, 'सिटी लाइट्स' १९३१. अर्धं अंग गमावलेला माणूस असा धावतो का?

रीळवाला
तुम्ही दिलेला पुरावा माझ्याच बाजूने बोलतोय!

त्याच मालिकेत 'द इमिग्रंट'चं फुटेज आहे. त्यात हेडवेटरच्या भूमिकेत आधी हेन्री बर्गमन होता. तोही कसलेला नट. प्रसंग चित्रितही झाला होता. पण बर्गमनची भीतीच वाटेना. चॅप्लिनने ते काम बाजूला ठेवलं आणि कॅम्पबेलला उभा केला.

आता पडद्यावरचा प्रसंग बघा. दहा सेंट कमी पडले म्हणून एका गिऱ्हाइकाला वेटर मिळून तुडवतात. चार्लीच्या खिशाला भोक, रस्त्यात सापडलेलं नाणं त्यातून केव्हाच पडलेलं. पुढे हाती आलेलं नाणं कॅम्पबेल दातांखाली धरतो आणि ते वाकतं. खोटं निघालं! चार्लीने नुसतं घाबरायचंय. जीव टांगणीला लावण्याचं काम सगळं त्या दातांचं आणि त्या नजरेचं.

खोडरबर
ठीक, पण मग शाबासकी कोणाला? चूक ओळखून नट बदलणाऱ्यालाच ना? दांडगा देह हवा होता, तो जवळ होता. मॅक स्वेनही अंगाने मोठाच होता. 'गोल्ड रश'मध्ये त्याने काम चोख केलंच.

विंगेतला
मध्येच बोलतोय. कॉलेजच्या एकांकिकांत मी तीन वर्षं मार खाणारा होतो. 'दांडगा देह जवळ होता' हे वाक्य लागलं.

मार खाणं हे काम आहे. चापट बसायच्या आधी मान हलली तर खोटं दिसतं, उशिरा हलली तर खरंच लागतं. आणि जड माणूस पडताना समोरच्याला घेऊन पडू शकतो. 'द क्युअर'मध्ये कॅम्पबेलचा गाउटने सुजलेला, पट्ट्यांत बांधलेला पाय फिरत्या दारात अडकतो. दार फिरवतोय चार्ली, पण आपण कळवळतो आणि हसतो ते त्या पायाच्या मालकाचं तोंड बघून. 'द रिंक'मध्ये तोच देह चाकाच्या स्केट्सवर! एवढं वजन तोल जातोय असं दाखवत सांभाळायचं, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. दोघंही फ्रेड कार्नोच्या इंग्लिश नाटक मंडळीत तयार झालेले, हा योगायोग नाही.

स्वेनचं म्हणाल तर ते अंग मऊ आहे. 'गोल्ड रश'मध्ये भुकेने भ्रमिष्ट होऊन त्याला चार्ली कोंबडीसारखा दिसतो, तेव्हाही तो सोबतीच वाटतो. कॅम्पबेलचा धाक वेगळा.

तिसरी_घंटा
तुम्ही दोघंही 'वाटा' मोजताय, मला तो हिशोबच पटत नाही.

जेम्स फिनलेसन बघा. स्कॉटलंडचा, टकलू, खोट्या मिशांचा, एक डोळा मिटून दुसरा वटारणारा. हॅल रोचच्या स्टुडिओत त्याला वर आणायचे प्रयत्न झाले. पण तो फुलला लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीसमोर, तेहतीस सिनेमांत. 'बिग बिझनेस' (१९२९) मध्ये ते दोघं त्याचं घर फोडतात, तो त्यांची मोटार. त्यात तिघांपैकी एकही काढता येत नाही. पण पोस्टर दोघांचंच. मला यात अन्याय दिसत नाही. काही नट तिसऱ्या जागेवरच थोर असतात. कॅम्पबेलचं दुःख श्रेयाचं नाही, वेळेचं आहे. फिनलेसनला वर्षं मिळाली. कॅम्पबेलचा पहिला सिनेमा मे १९१६ चा, शेवटचा ऑक्टोबर १९१७ चा.

त्या उन्हाळ्यात त्याची बायको अचानक गेली. पाठोपाठ मुलीला मोटारीने उडवलं, ती वाचली. घाईत दुसरं लग्न केलं, तेही काही आठवड्यांत मोडलं. २० डिसेंबर १९१७ ला लॉस एंजेलिसमध्ये मोटार अपघातात तो ठार झाला. चाळिशीही गाठली नव्हती. अस्थींचं दफन झालं १९५२ मध्ये. पस्तीस वर्षं कोणी न्यायलाच आलं नाही.

खोडरबर
अस्थींचं वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही.

तरी मूळ मुद्दा सोडत नाही. चॅप्लिनला पुढे राक्षसाची गरजच उरली नाही. 'द किड'मध्ये चार्लीसमोर उभं काय आहे? पोराला अनाथाश्रमात न्यायला आलेली सरकारी माणसं. शत्रू बदलला म्हणून नट बदलले.

रीळवाला
की तोलाचा नट उरला नाही म्हणून शत्रू बदलला? 'सिटी लाइट्स'मधली बॉक्सिंग बघा. समोर हँक मान, तोही जुना हुशार विनोदी नट. पण तिथे हसू येतं ते चार्ली रेफरीच्या आड लपत नाचतो त्याला. मानच्या जागी दुसरा कोणी असता तरी प्रसंग चालला असता. दिव्याच्या खांबाशी कॅम्पबेलऐवजी दुसरा कोणी उभा करून दाखवा.

विंगेतला
हेच. बर्गमनला उभा करून चॅप्लिनने स्वतः पाहिलं होतं.

खोडरबर
'द इमिग्रंट'पुरतं मान्य. तिथला अर्धा घ्या. बाकीच्या दहांसाठी मी एकेक सिनेमा पुन्हा बघून भांडणार आहे. उद्या 'द पॉनशॉप'. त्यात तो चोर म्हणून शेवटी येतो आणि अलार्म घड्याळाचा तो सगळा प्रसंग त्याच्याशिवाय उभा राहतो.