शेतासाठी स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यावी का? विरोध असेल तर कारण सांगा

संत्रा_बहार

काटोल तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे, बाजूच्या वावरात तूर आणि हरभरा. मी नागपुरात राहतो, बाबा तिकडे. डुकरांनी हरभरा खाल्ला तर एकवेळ समजू शकतो. पण आता ती ठिबकच्या नळ्या तोडतात, झाडाच्या आळ्यात उकरून मुळ्या उघड्या पाडतात. रोही (नीलगायी) येतात ते नवी पालवी ओरबाडून जातात. जागलीला माणूस मिळत नाही, मिळाला तर तो झोपडीत घोरतो. फटाके, भोंगा, कुंपणाला जुन्या साड्या, सगळं करून झालं.

माझं मत असं की शेतकऱ्याने परवाना काढून सरळ बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिटी मागेपुढे करायची, रायफल घ्यावी. महागडी विलायती नको, इशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचं माप) बस झाली. पाच गोळ्यांचं मॅगझिन, लाकडी दस्ता, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. बारा बोअरची बंदूक चाळीस मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आणि शहाणं डुक्कर तेवढं जवळ येऊ देत नाही. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकांची नासाडी करणारे रोही आणि रानडुक्कर मारायला परवानगी देण्याचा निर्णय घेतलेलाच आहे. मग अडतंय कुठे? नुसतं 'बिचारे मुके प्राणी' असलं उत्तर नको.

कलम_तेरा

अडतंय ते कायद्यातच. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम १३ वाचा. पीकरक्षणासाठी कायद्याने धरलेलं हत्यार म्हणजे ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे तुमची बारा बोअर, नळी किमान वीस इंच. रायफल या खणात बसत नाही. तिच्यासाठी वेगळं सबळ कारण दाखवावं लागतं, आणि 'डुकरं येतात' हे कारण लिहिलं की समोरचा विचारणार, मग बारा बोअर का नको?

दुसरं, तुम्ही शहरात राहता म्हणजे तुमचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे जाणार. वावर बाबा सांभाळतात, तेव्हा अर्ज बाबांच्या नावाने करा, तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाईल.

तिसरं कोणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. तुमचं वावर कोंढाळीकडे असेल तर बोर अभयारण्य किती लांब पडतं ते नकाशावर मोजून घ्या.

आणि २०१५ चा निर्णय म्हणजे सरसकट सूट नव्हे. वनखात्याकडे अर्ज, नुकसानीची खातरजमा, मग लेखी परवानगी. त्याशिवाय मारलं तर ती शिकार. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता, पाव किलोसुद्धा घरी नेता येत नाही.

वावर_राखण

वकीलसाहेब, तुमचं सगळं बरोबर हाय, पण ठासणीची बंदूक कोन्या जमान्यातली गोष्ट सांगून रायले तुमी? एक बार उडवला का दुसरा भरेपर्यंत डुकरं नरखेडात पोचते. १९५९ साली काहीतरी लिहून ठेवलं म्हून आमी आजही बारूद ठासत बसाचं काय? कायदा शेतकऱ्यानं नाई लिहिला, ज्याच्या ताटात हरभरा आयता येते त्यानं लिहिला.

संत्रा_बहार भाऊ, माह्या तुमाले पूर्ण पाठिंबा. रायफल द्या, लेखी परवानगी बी द्या, आन् गोळीचा हिशेब बी मागा, देतो आमी. पण मारू द्या. नाई देत म्हून लोक तारेत करंट सोडते. मंग वाघ मेला का सारे बोंबलते. २०१७ मधी नागभीडकडे श्रीनिवास वाघ असाच करंटनं मेला ना? बंदुकीची गोळी निदान पाहून मारता येते. तार काही पाहत नाई, वाघ हाय का बैल हाय का मानूस हाय.

निवृत्त_सुभेदार

रायफलीबद्दल इथे पुष्कळ ऐकीव बोललं जातंय, म्हणून थोडं सविस्तर.

.३१५ म्हणजे मुळात ली-एनफिल्डची यंत्रणा. .३०३ हे फौजेचं बोअर, ते साध्या माणसाला मिळत नाही, म्हणून नागरी बाजारासाठी आठ मिलिमीटरची ही गोळी पुढे आली. तीच गोष्ट ७.६२ ची, तेही निषिद्ध बोअर. बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग चढते, त्यामुळे शेवटी थोडा जोर लागतो. नवख्याला वाटतं रायफल अडकली. नीट वापरली तर दोन पिढ्या जाते. .३०-०६ सुद्धा इशापूरचीच आहे, जास्त ताकदीची, पण डुकरासाठी तिची गरज नाही आणि काडतूस खिशाला चावतं.

जुनी घ्यायची असेल तर दस्त्याची पॉलिश बघू नका. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा. नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये काळे ठिपके दिसले तर गंजाने खाल्लीय. बोल्टवरचा नंबर आणि रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात बसतो त्या भागावरचा) नंबर जुळला पाहिजे. नाही जुळला तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे, आणि काडतुसामागे किती जागा सुटते हे परवानाधारक गनस्मिथकडून तपासल्याशिवाय एकही गोळी उडवू नका. व्यवहार परवानाधारकाकडून परवानाधारकाकडेच, आणि परवान्यावर नोंद झालीच पाहिजे.

इतकं सगळं सांगूनही माझं मत विरोधात आहे. डुक्कर येतं रात्री. तुमच्या .३१५ वर नेम धरायला असते उघडी माशी आणि खाच. रात्री टॉर्चच्या उजेडात शंभर मीटरवर माशीच दिसत नाही, मग शंभर मीटरच्या पल्ल्याचं काय लोणचं घालायचं? चाळीस मीटरच्या आत मारायचं असेल तर बारा बोअरमध्ये एलजीचे, म्हणजे मोठ्या जनावरासाठीचे जाड, छर्रे जास्त कामाचे. शिवाय पंधरा-सोळा ग्रॅमची ती गोळी चुकली की दोन किलोमीटरच्या पलीकडेही जाऊ शकते. मचाणावरून खाली मारली तर माती झेलते. बांधावर उभं राहून सपाट मारली तर कोण झेलणार?

संत्रा_बहार

सुभेदारसाहेब, मुद्दा मान्य, पण मचाण बांधता येतं ना! बगीच्यात बांधलेलंच आहे. आणि स्कोप लावला तर?

निवृत्त_सुभेदार

लावता येतो. कारखान्यातून त्याची सोय नेहमी मिळत नाही, रिसीव्हरवर माउंट बसवून घ्यावा लागतो. त्याचा खर्च, चांगल्या स्कोपचा खर्च, मग स्कोपचा नेम जुळवायला रेंजवर उडवायच्या गोळ्या. एका वेळी किती काडतुसं आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. त्यातली अर्धी रेंजवरच संपतील. स्वस्त रायफल म्हणून निघालात, ती कुठे जाऊन पोचते बघा.

धंतोली_ते_डॅलस

इकडे टेक्सासात हा प्रश्नच पडत नाही. सॅव्हेज अ‍ॅक्सिस किंवा रुगर अमेरिकन, बोल्ट-अ‍ॅक्शन, कमी पैशात नवी कोरी मिळते. अचूकता अशी की महागड्या रायफलींनी लाजावं. खासगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर डुक्कर मारायला २०१९ पासून शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही, वर्षभर मारा. आपल्याकडे आयात बंद करून ठेवली, म्हणून लोक इशापूरच्या जुन्या नमुन्याला स्वस्त आणि मस्त म्हणतात. आयात खुली करा, स्पर्धा येऊ द्या, शेतकऱ्याला चांगलं हत्यार कमी पैशात मिळेल. भावना बाजूला ठेवून बोला.

पेंच_पायवाट

भावना बाजूला ठेवूनच बोलते. तुमच्याकडची डुकरं बाहेरून आणलेली. पाळीव सुटली, त्यात युरोपातून शिकारीसाठी सोडलेली मिसळली. तिथल्या निसर्गात ती उपरीच, म्हणून कायदा मोकळा आहे. आपलं रानडुक्कर इथलंच, आणि पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाघाचं आणि बिबट्याचं ते खाद्य आहे. जंगलाच्या कडेचं डुक्कर संपवलं तर बिबट्या कुठे येईल? गोठ्यात. मग त्याच्यासाठी कुठली रायफल घ्यायची, तेवढं सांगून ठेवा.

दुसरं, टेक्सासात इतकी वर्षं इतक्या रायफली चालतात, तरी डुकरं आटोक्यात आली का? नाही. एका वेळी चार-सहा पिल्लं देणाऱ्या जनावरापुढे रात्रीची एखादी गोळी म्हणजे समाधान, उपाय नव्हे. बिहारमध्ये २०१५-१६ साली केंद्राने रोही आणि रानडुक्कर काही काळासाठी उपद्रवी जाहीर केले. मोकाम्यात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर रोही मारले. तिथल्या शेतकऱ्याचा रोह्यांचा त्रास तेवढ्याने मिटलेला नाही.

सौर कुंपणाचं नाव इथे अजून कोणी काढलंच नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना त्याला अनुदान आहे.

वावर_राखण

सौर कुंपन! मले वाटलंच होतं. ताई, आमच्या शिवारात लागलं हाय ते. पावसाळ्यात तारेले गवत लागते, झटका उतरून जाते. रोज कोन कापाचं? डुक्कर खालून उकरून घुसते, रोही वरून उडी मारते, आन् बॅटरी मानूस नेते. शेजाऱ्याची तर दोनदा गेली. अनुदान भेटते, भेटत नाई असं नाई म्हनत मी. पन ते जंगलालगतच्या गावाले. आमचं गाव यादीत नाई, डुक्कर काही यादी पाहून येत नाई.

कुहीची_सूनबाई

मी शेतकरीच आहे आणि माझा रायफलीला ठाम विरोध आहे. कारण कायदा नाही, वाघही नाही. कारण आमच्या शिवारात पहाटे पाचपासून बाया असतात. कापूस वेचायला, मिरची तोडायला, कुणी बांधाला. तुरीत बसलेली बाई चार पावलांवरून दिसत नाही. रात्री जागलीवर फक्त तुम्हीच असता असं थोडंच आहे? शेजारच्या वावरातही कोणीतरी असतं, तेही अंधारात, काळी घोंगडी पांघरून. तुरीत हललं म्हणून डुक्कर समजून गोळी घातली आणि माणूस निघालं, अशा बातम्या आपण वाचल्या नाहीत का? बाराच्या छर्र्याचाही मला भरवसा नाही, पण रायफलीची गोळी तर शेजारचं शिवार ओलांडून जाते. मारायचंच असेल तर वनखात्याने आपली प्रशिक्षित माणसं, आपली बंदूक, आपली जबाबदारी घेऊन यावं. गावातल्या प्रत्येक घरात रायफल आली तर पहिली गोळी डुकराला लागेल की बांधाच्या भांडणात उडेल, हे मला विचारू नका. आमच्याकडची भांडणं मी पाहिली आहेत.

संत्रा_बहार

सूनबाई, प्रत्येक घरात कोण म्हणतंय? परवाना म्हणजे पोलीस चौकशी, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण, सगळं आहे. करंटची तार लावणाऱ्याला कुठली चौकशी? तुम्ही ज्या बायांची काळजी करता, त्यांना तारेचा धोका जास्त. आणि वनखात्याने माणसं पाठवावीत हे बोलायला ठीक. अर्ज देऊन बघा. माणूस येतो तोवर हरभरा सोंगून झालेला असतो.

कुहीची_सूनबाई

तार चुकीची, म्हणून रायफल बरोबर असं होत नाही ना भाऊ.

रामदासपेठी

एक भाबडा प्रश्न. आपल्या अंबाझरीच्या फॅक्टरीत मिळत नाही का रायफल? घराजवळ पडली असती.

निवृत्त_सुभेदार

तिथे तोफगोळ्यांची कवचं बनतात. तुम्हाला डुक्कर मारायचंय की गाव?

कलम_तेरा

स्वस्तातलंच बघायचं असेल तर एक विचारतो. घरात कोणाकडे जुनं परवान्याचं हत्यार आहे का? २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की हयातीतच ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. चौकशी वारसाचीही होते, पण हत्यार विकत घ्यावं लागत नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन होती. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली, एवढाच काय तो दिलासा.

संत्रा_बहार

आजोबांची बारा बोअर दुनाळी आहे, बाबांच्या मोठ्या भावाच्या नावावर. ते सत्तरीच्या पुढचे. पण काकांची मुलं सोडून पुतण्याला, म्हणजे मला, मिळेल का?

कलम_तेरा

नियम कायदेशीर वारसाचा आहे. त्यांची मुलं हयात असताना तुमचा नंबर अवघड. ते हत्यार बाबांना विकू शकतात, पण त्यासाठी बाबांचा स्वतःचा परवाना आधी हवा. म्हणजे पुन्हा अर्जच. फक्त त्या अर्जात रायफल न लिहिता बारा बोअर लिहाल तर कलम १३ तुमच्या बाजूने उभं राहतं.

वावर_राखण

आन् इतकं सगळं करून बंदूक घरी आली का निवडनूक लागते. ग्रामपंचायत, झेडपी, आमदार, खासदार, काही ना काही चालूच रायते. आचारसंहिता लागली का ठाण्यातून निरोप, बंदूक जमा करा. डुकराले आचारसंहिता लागत नाई.

धंतोली_ते_डॅलस

हे ऐकून इथल्या लोकांना खरं वाटणार नाही.

संत्रा_बहार

रायफलीबद्दलचं मत मी बदललेलं नाही. मचाण असेल, परवाना असेल, परवानगी असेल, तर शहाण्या माणसाच्या हातातली .३१५ अंधारातल्या छर्र्यांपेक्षा मला अजूनही बरी वाटते. पण रायफलीच्या अर्जावर हंगामामागून हंगाम घालवण्यापेक्षा बाबांच्या नावाने बारा बोअरचा अर्ज आधी टाकतो. सुभेदारसाहेब, खडकीची शक्तिमान काडतुसं एलजीमध्ये सध्या नागपुरात मिळतात का? आणि दुनाळीच्या डाव्या नळीत चोक आहे, म्हणजे तोंडाशी नळी अरुंद आहे, एलजी चालेल?

निवृत्त_सुभेदार

माल आला की मिळतात, डीलरला आधी फोन करून ठेवा. चोकचं विचारलंत ते बरं केलं. फुल चोक असेल तर एलजीसारखा जाड छर्रा त्यातून मारू नका, उजव्या उघड्या नळीतूनच मारा. त्याआधी दोन्ही नळ्या गनस्मिथला दाखवा. वर्षानुवर्षं पेटीत पडलेल्या दुनाळीत काय साचलंय, ते बाहेरून कळत नाही.