'संरक्षण': डिफेन्स की प्रोटेक्शन?

दुभाषी: इंग्लंडच्या १६५१च्या नौकानयन कायद्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. आशिया, आफ्रिका, अमेरिकेतला माल इंग्रजी जहाजांतूनच यावा असा तो कायदा, रोख डचांवर. अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचा एरवी प्रोटेक्शनला, म्हणजे परदेशी माल अडवून देशी धंदे राखण्याला, विरोध, पण अशा नौकानयन कायद्यांना त्याने १७७६मध्ये उचलून धरलं, कारण खलाशी आणि जहाजं हाताशी राहतात, आणि श्रीमंतीपेक्षा डिफेन्स मोठा. माझं वाक्य असं झालंय: 'संरक्षणाला विरोध असूनही संरक्षणासाठी त्याने संरक्षण मान्य केलं.' काय करू?

कोशवाचक: प्रोटेक्शनला 'संरक्षणवाद' म्हणा.

दर्यावर्दी: वाद म्हणजे विचारसरणी. एका मालावर कर बसवला म्हणून लगेच वाद होत नाही. जुन्या मराठीत 'संरक्षक जकात' असा नेमका शब्द आहे, तोच घ्या.

कोशवाचक: जकात अरबी, त्यातही मूळ अर्थ धर्मादायाचा. 'आयातशुल्क' असताना तिकडे का जायचं?

दर्यावर्दी: मराठेशाहीच्या कागदपत्रांत जागोजागी जकात आहे, ती अजून परकी? आणि प्रत्येक आयातशुल्क संरक्षक नसतं. ज्या देशात कॉफी पिकतच नाही, त्याने कॉफीवर कर लावला तर तो कुणाला वाचवतो? ती निव्वळ तिजोरीची भर. 'संरक्षक' हे विशेषण म्हणूनच लागतं.

वाटसरू: अरबीचा विषय निघालाच आहे तर, टॅरिफही तिथलाच. 'तारीफ' म्हणजे ओळख करून देणं, कळवणं. इटालियनमधून युरोपात गेला तो दरपत्रक झाला, फारसीतून आपल्याकडे आला तो स्तुती झाला.

दुभाषी: हे माहीत नव्हतं! पण लेखात पुढे १९८१ येतं. अमेरिकेच्या दबावाखाली जपानने तिकडे जाणाऱ्या आपल्या मोटारींवर स्वतःच संख्येची मर्यादा घातली. तिथे जकात नाही, प्रोटेक्शन मात्र पुरेपूर आहे.

पागोळी: मग डिफेन्सचा शब्द बदला. 'देशरक्षण' लिहा आणि प्रोटेक्शनला 'संरक्षण' राहू द्या. '१८४६मध्ये इंग्लंडने परदेशी धान्याला अडवणारे धान्य कायदे रद्द करायचं ठरवलं आणि जमीनदारांचं संरक्षण गेलं' हे कुणालाही कळेल.

कोशवाचक: संरक्षण खात्यापासून संरक्षण खर्चापर्यंत डिफेन्स म्हणजे संरक्षण हे रूढ आहे. रूढ शब्दाला हात लावू नये.

दर्यावर्दी: मग जकातीलाही तोच न्याय लावा.

वाटसरू: मला तर 'मुक्त व्यापार'च खटकतो. १९४७चा गॅट हा आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार २३ देशांनी केला, त्यात जकाती शून्यावर आणायचं वचन कुठे होतं? त्या कमी करायच्या आणि सदस्यांत भेदभाव करायचा नाही, एवढंच. 'खुला' म्हणावं, 'मुक्त' नाही.

पागोळी: त्याच कराराच्या पहिल्या कलमाला आपण 'सर्वाधिक पसंतीचा देश' म्हणतो, हे त्याहून वाईट. वाचणाऱ्याला वाटतं, कुणावर तरी खास मेहेरबानी आहे. अर्थ नेमका उलटा: एकाला दिलेली सवलत सगळ्या सदस्यांना द्यायची. सरळ 'समान वागणूक' का म्हणू नये?

कोशवाचक: कारण तिसरं कलम 'राष्ट्रीय वागणूक' हे आहे. आत आलेल्या परदेशी मालाला देशी मालासारखंच वागवायचं, तीही समान वागणूकच. पहिल्यात परदेशी-परदेशी समान, तिसऱ्यात देशी-परदेशी समान. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वेगळं काय काढणार?