खोडदला गुरुत्वीय लहरी सापडल्या, मग औंढ्याला लायगो कशाला?

हिंगोलीकर:
ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीने २०२३ मध्येच गुरुत्वीय लहरी (अवकाशालाच ताणत-आकसत जाणाऱ्या) पकडल्या. मग आमच्या औंढा नागनाथला २६०० कोटींचं लायगो (गुरुत्वीय लहरींचंच डिटेक्टर) होतंय ते कशासाठी, एकच काम दोनदा? का फॉरवर्डच फेकाफेकी आहे? जाणकारांनी सांगा, इथे जाम वाद चाललाय.

पल्सरवेडा:
फेकाफेकी नाही, पण "पकडल्या" जरा जास्त झालं. जून २०२३ मध्ये युरोपच्या आणि आपल्या टीमने मिळून २५ पल्सरचा डेटा मांडला, त्यात युरोपचा जवळपास २५ वर्षांचा. हे मेलेले तारे सेकंदाला शेकडो गिरक्या मारतात आणि त्यांचे रेडिओ ठोके इतके नियमित की मधून लहर गेली तर मायक्रोसेकंदाहून कमी फरकसुद्धा काढता येतो. आता एकाच पल्सरचं बिनसलं तर कारण काहीही असेल, म्हणून जोड्या लावून बघतात, दोघांमधल्या कोनानुसार फरक ठराविक पद्धतीने बदलतो का, आणि तीच खूण दिसायला लागलीये. पण शोध म्हणायला पाच सिग्मा (हा निव्वळ योगायोग नाही याच्या खात्रीचं माप) लागतात, इथे साधारण तीन. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनवाल्यांनीही तेव्हाच जाहीर केलं.

जुन्नरचा_भाऊ:
यात खोडदचं काम काय तेही सांगा की राव! वाटेतल्या वायूतले इलेक्ट्रॉन सिग्नलला उशीर लावतात, कमी फ्रिक्वेन्सीला जास्तच. आपल्या ४५ मीटरच्या ३० डिश त्या कमी फ्रिक्वेन्सीलाच तर ऐकतात, त्यामुळे तो उशीर नीट मोजून वजा करता येतो, नाहीतर लहरीचा फरक कुठला आणि वायूचा कुठला कळणार कसं.

पल्सरवेडा:
बरोबर. आणि @हिंगोलीकर, दोन्हीकडच्या लहरी वेगळ्या. लायगोला सूर्याच्या काही पट, काही दहापट वजनाची कृष्णविवरं धडकतानाची लहर ऐकू येते, सेकंदात दहा-शंभर वेळा हलणारी, ४ किमीच्या नळ्यांत पकडता येते. पल्सरवाली बहुतेक आकाशगंगांच्या पोटातल्या कोट्यवधी सूर्यांएवढ्या कृष्णविवरांच्या जोड्यांची, एक हेलकावा पुरा व्हायलाच काही वर्षं. ती औंढ्याला कधीच दिसणार नाही आणि औंढ्याची खोडदला नाही. शिवाय अमेरिकेत दोन लायगो असले तरी धडक आकाशात नेमकी कुठे झाली ते सांगायला लांबचा डिटेक्टर हवाच.

हिंगोलीकर:
हां, आता टाकतो ग्रुपवर. खोडद बघायला जाता येतं का?

जुन्नरचा_भाऊ:
२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, तेव्हा या. फक्त डिशजवळ मोबाईल बंद, सेल्फीचं विसरा.