अनुभव धागा: स्वतंत्र कारागिरांनो, जीएसटी नोंदणी केली की नाही, आणि का?

मी सांगलीत वायरमन म्हणून स्वतंत्र काम करतो. गेल्या आर्थिक वर्षात माझी उलाढाल १६ लाखांच्या आसपास झाली, म्हणजे सेवेसाठी असलेल्या २० लाखांच्या मर्यादेच्या आत. कायद्याने नोंदणीची सक्ती नाही. परंतु एका कारखान्याच्या खरेदी विभागाने जीएसटी नंबर नसल्यास पुढील काम देता येणार नाही, असे कळवले आहे. माझी उरलेली गिऱ्हाइके घरगुती आहेत. ज्यांनी हा निर्णय स्वतः घेतला आहे, त्यांनी आपला अनुभव आकड्यांसह लिहावा, ही विनंती.

इलेक्ट्रिकल कंत्राटदार, चाकण

मी मर्यादेच्या आत असतानाच स्वेच्छेने नोंदणी केली, कारण माझे सर्व ग्राहक कंपन्या आहेत आणि काम मुख्यतः यंत्रांच्या पॅनेल व केबलच्या देखभालीचे आहे. हिशेब असा. ६०,००० रुपयांचे सामान घेताना दुकानदार १०,८०० रुपये कर लावतो. नोंदणी नसताना तो कर माझ्या खर्चातच मिसळतो, म्हणून ४०,००० मजुरी धरून माझे बिल १,१०,८०० होते आणि कंपनीला तेवढाच खर्च पडतो. नोंदणी असल्यास मी १,००,००० वर १८,००० कर लावतो, कंपनी त्या १८,००० चे क्रेडिट घेते (स्वतः भरायच्या करातून तेवढी रक्कम वजा करते), म्हणजे तिला काम प्रत्यक्षात लाखालाच पडते. मी १०,८०० वजा करून ७,२०० भरतो. खरेदी विभाग नंबर मागतो तो एवढ्याचसाठी. इमारतीच्या बांधकामात भांडवली खर्च म्हणून धरल्या जाणाऱ्या वायरिंगवर मात्र कंपनीलाही बहुधा क्रेडिट मिळत नाही, तेव्हा आपले काम कोणत्या प्रकारचे आहे ते आधी विचारून घ्यावे.

त्रास वेगळ्याच ठिकाणी होतो. बिल महिनाअखेरीस दिले की कर पुढच्या महिन्यात भरावा लागतो, आणि कंपनीचे पैसे ९० दिवसांनी येतात. पहिल्या वर्षी मी तीनदा हातउसने पैसे घेऊन चलन भरले. सेवेचे बिल काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत काढता येते, त्यामुळे आता कामाच्या कागदावर मंजुरीची सही झाल्याशिवाय मी बिल काढत नाही.

प्लंबर, कोल्हापूर

माझी नोंदणी नाही आणि सध्या करण्याचा विचारही नाही. घरमालकाला क्रेडिटचा काही उपयोग नसतो. त्याच्या दृष्टीने १८ टक्के ही केवळ दरवाढ असते. मी पूर्वी मटेरियलसह काम घेत असे. एका बाथरूमचे काम ३ लाखांचे, त्यात माझी मजुरी ७५ हजार, पण उलाढालीत मोजले जातात ते पूर्ण ३ लाख. आता लेबर रेटने काम घेतो, ग्राहकाला यादी लिहून देतो, आणि पाईप, नळ, फरशी तो स्वतःच्या नावाच्या बिलावर थेट दुकानातून आणतो. मात्र हे खरोखर तसेच असावे लागते. दुकानात पैसे मी द्यायचे आणि बिल तेवढे ग्राहकाच्या नावाने फाडायचे, असली चलाखी मी करत नाही, दुसऱ्यालाही सुचवणार नाही.

फॅब्रिकेशन व्यावसायिक, रत्नागिरी

माझी चूक सांगतो. ग्रिल आणि जिने आम्ही 'बनवतो', म्हणजे ही वस्तूंची विक्री, आणि वस्तूंसाठी मर्यादा ४० लाखांची, अशी माझी पक्की समजूत होती. ती मर्यादा केवळ वस्तूच विकणाऱ्यासाठी आहे. इमारतीत कायमचे बसवून दिलेले काम कायद्याने सेवा ठरते आणि तेथे २० लाखच लागू होतात. मला हे कळले तेव्हा उलाढाल २६ लाखांवर गेली होती. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायला हवा होता, तो केला नव्हता. वरच्या ६ लाखांवर १,०८,००० रुपये कर निघाला. जिने बसवून, रंग देऊन, पैसे घेऊन झालेल्या ग्राहकांकडे आता १८ टक्के मागायला कोणत्या तोंडाने जाणार? कर खिशातून गेला, त्यावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज, दंड वेगळा. ज्या लोखंडावर मी दुकानात कर भरला होता, त्याचे क्रेडिट वेळेत अर्ज न केल्यामुळे हातचे गेले. तेव्हापासून दर महिन्याच्या अखेरीस बिलबुकाची बेरीज एप्रिलपासून करतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो.

एसी मेकॅनिक, सावंतवाडी

मी गोव्यात दुरुस्तीला जातो. नुसती सेवा परराज्यात दिली तरी २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. पण महाराष्ट्रातून नुसते सामान गोव्यातल्या ग्राहकाला विकले, तर पहिल्या विक्रीपासून नोंदणीची सक्ती येते, हे लक्षात ठेवावे.

रंगकाम कंत्राटदार, नाशिक

माझी उलाढाल २८ लाख आणि बहुतेक ग्राहक घरमालक, तेव्हा नोंदणी टळणारच नव्हती. मी ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यावसायिकांसाठी असलेली ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना घेतली. नेहमीच्या पद्धतीने ५,०४,००० कर लावून, १० लाखांच्या रंगावरचे १,८०,००० वजा करून ३,२४,००० भरावे लागले असते. आता १,६८,००० भरतो. हा कर बिलात वेगळा लावता येत नाही, तो माझ्या दरातूनच जातो, आणि रंगावर दिलेला करही परत मिळत नाही. एका कंपनीने माझे बिल पाहून क्रेडिट मिळत नाही म्हणून काम दुसऱ्याला दिले, तेही खरे.

सुतारकाम करणाऱ्यांची पत्नी, पुणे

आमचे हिशेब मी पाहते. एका मोठ्या ऑफिसच्या कामासाठी यांनी नोंदणी केली आणि ते काम पाच महिन्यांत संपले. स्वेच्छेने घेतलेल्या नोंदणीतही पहिल्या रुपयापासून प्रत्येक बिलावर कर लावावा लागतो, शेजारच्या काकूंच्या ४,००० रुपयांच्या कपाटावरसुद्धा. काम नसले तरी रिटर्न भरावेच लागते. शून्य रिटर्नलाही उशिरासाठी दिवसाला २० रुपये लागतात. शेवटी आम्ही नोंदणी रद्द केली. शिल्लक प्लायवूडवर घेतलेले क्रेडिट परत भरले आणि तीन महिन्यांच्या आत अंतिम रिटर्न दिले.

धागाकर्ता, सांगली

सर्वांचे आभार. काल रात्री बिलबुक घेऊन बसलो. वर्षभरातल्या ४१ बिलांपैकी कारखान्याची ९ आहेत, पण रक्कम निम्म्याहून अधिक, आणि सगळी यंत्रांच्या देखभालीची. उरलेल्या ३२ घरांना दर वाढवून सांगावा लागेल किंवा फरक मलाच सोसावा लागेल. सोमवारी खरेदी विभागात जाऊन वर्षभराच्या कामाचा लेखी आदेश मागणार आहे. तो मिळाला तरच अर्ज भरेन.