तळणीचे तेल टाकल्यावर बायोगॅस बंद पडला: जिवाणू मेले की झाकले गेले?

भोजनालय_व्यवस्थापक:
नमस्कार. आमच्या वसतिगृहाच्या भोजनालयामागे १० घनमीटरचे, तरंगत्या टाकीचे बायोगॅस संयंत्र आहे. रोज साधारण ८० किलो खरकटे आणि भाजीचा कचरा तेवढ्याच पाण्यात कालवून त्यात जातो. दिवाळीच्या फराळाचे तळण झाल्यावर उरलेले सुमारे १५ लिटर तेल, फेकून देण्यापेक्षा गॅस तरी होईल या विचाराने, आम्ही दोन दिवसांत टाकीत ओतले. सुरुवातीला गॅस खरोखरच वाढला; चौथ्या दिवसापासून मात्र गॅस साठवणारी तरंगती टाकी वर येईनाशी झाली आणि बर्नरची ज्योत क्षणभर फडफडून विझू लागली. बाहेर पडणाऱ्या स्लरीवर पांढुरके गोळे तरंगतात, ते बोटांत चिरडले की मेणचट लागतात, आणि वास खवट लोण्याचा येतो. कागदी पट्टीवर सामू (pH) ६.२ दिसतो. जिवाणू मेले असतील, तर टाकी उपसून नव्याने शेण भरावे काय?

सूक्ष्मजीव_अभ्यासक:
टाकी उपसू नये, हे आधी सांगतो. तेल हे मुळात उत्तम खाद्य आहे. एक किलो तेलापासून तत्त्वतः सुमारे १ घनमीटर मिथेन मिळू शकतो, तर एक किलो पिष्टमय पदार्थापासून ०.४ घनमीटरच्या आसपास. घोटाळा वेगाचा आहे. तेलाचे विघटन होऊन ओलेइक, लिनोलेइक, पामिटिक अशी लांब साखळीची मेदाम्ले चटकन सुटी होतात; पण ती दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तोडून ॲसिटेट व हायड्रोजन बनवणारे सिंट्रोफोमोनाससारखे जिवाणू संथ असतात. शिवाय हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी राहिला, तरच त्यांना या कामातून ऊर्जा मिळते. तो हायड्रोजन उचलतात मिथेनकारी सूक्ष्मजीव. (काटेकोरपणे हे जिवाणू नव्हेत, आर्किया या वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव आहेत, पण बोलताना आपण सगळेच जिवाणू म्हणतो.) म्हणजे पुढचा थांबला की मागचाही अडतो.

आपल्या टाकीत लिटरमागे सव्वा ग्रॅमहून अधिक तेल एकाएकी आले. त्यातून सुटलेली आम्ले पेशींच्या पृष्ठभागाला चिकटतात, पेशीपटलाचे काम बिघडवतात आणि अन्नद्रव्यांची ये-जा रोखतात. मेद चिकटलेला गाळ, म्हणजे जिवाणूंचाच साका, हलका होऊन वर येतो आणि काही अंशी स्लरीबरोबर वाहूनही जातो. पूर्वी हा परिणाम कायमच्या विषबाधेसारखा मानत. पोर्तुगालमधील मिन्हो विद्यापीठातील प्रयोगांत मात्र ओलेइक आम्ल दिलेल्या गाळावर पामिटिक आम्ल साचलेले आढळले, आणि नवे खाद्य बंद ठेवल्यावर त्याच गाळाने ते पचवून मिथेन दिला.

खवट वास ब्युटिरिक आम्लाचा असावा. मिथेनकारी अडल्यामुळे अशी लहान साखळीची आम्लेही तुंबतात. सामू ७ असताना ॲसिटिक आम्लाचा जेमतेम अर्धा टक्का भाग अविघटित, म्हणजे पेशीत सहज शिरणाऱ्या रूपात असतो. सामू ६ वर तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. त्यामुळे सामू थोडा घसरला तरी जाच बराच वाढतो.

शेण_आणि_स्लरी:
वरील उत्तराशी मी सहमत आहे. खरकटे आजच बंद करावे, तरंगणारे गोळे काढून न टाकता दिवसातून दोनदा ढवळून खाली न्यावेत आणि रोज दोन-तीन बादल्या ताज्या शेणाचा काला घालावा. चुना मात्र ओतू नये. कॅल्शियम मेदाम्लांना बांधून ठेवते हे खरे, पण ती गाळाला चिकटण्यापूर्वी. एकदा चिकटल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. उलट जास्त चुन्याने सामू एकदम उसळतो. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून, एका वेळी दोन किलोच्या आतबाहेर, दुसऱ्या दिवशी सामू पाहूनच पुढची मात्रा द्यावी.

तेल कोणते होते? खोबरेल असेल तर अधिक धीर धरावा लागेल, कारण त्यातील लॉरिक आम्ल मिथेनकारींना विशेष जाचते. गुरांच्या पोटातील मिथेन कमी करण्यासाठी आहारात खोबरेल मिसळण्याचे प्रयोग याच गुणावर बेतलेले आहेत. गाईच्या बाबतीत जे हवे, तेच आपल्या टाकीत नको!

भोजनालय_व्यवस्थापक:
तेल सोयाबीनचे होते. आज एकविसावा दिवस आहे. सोडा तीन वेळा दिला, सामू ६.९ वर आला, आणि परवापासून ज्योत निळी व स्थिर आहे. विशेष म्हणजे खरकटे अजून बंद असूनही गॅस पूर्वीइतका येतो आहे. हे कसे?

सूक्ष्मजीव_अभ्यासक:
तो गाळावर साचलेल्या तेलाचाच गॅस आहे. आता ते पचू लागले आहे. त्याला भुलून खरकटे पूर्ववत सुरू करू नये. हा गॅस ओसरू लागला की २० किलोपासून आरंभ करावा, आणि पुढील फराळाचे तेल रोज पाव लिटर, खरकट्यात नीट कालवून द्यावे.