सर्व्हर कुणी सांभाळायचा? कालच्या ‘हात लावू नका’ला उत्तर

टर्मिनल_मिरज
काल बेदाणा_बॉक्स यांनी इथं लिहिलं: “वेब प्रोग्रामरनं सर्व्हरला हात लावायचा नाही. महिन्याचे हजार रुपये वाचवायला जातात आणि ऐन सीझनला गिऱ्हाइकाची साइट झोपवतात. मॅनेज्ड घ्या आणि गप झोपा.” (मॅनेज्ड म्हणजे सर्व्हरची देखभाल कंपनीच करते.) खाली अंगठ्यांचा पाऊस. एकानंही विचारलं नाही की हात लावायचा म्हणजे नेमकं काय करायचं.

आधी पैशाचं. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीचं बेंगळुरूतलं १ जीबीचं भाड्याचं मशीन महिना ६ डॉलर, त्यात १ टीबी ट्रान्सफर. त्यांचाच मॅनेज्ड पोस्टग्रेस डेटाबेस नुसता १५ डॉलरपासून सुरू होतो, ॲप चालवायचे वेगळे, वर १८ टक्के जीएसटी. मार्केट यार्डातल्या अडत्याच्या साइटवर दिवसाला चार-पाचशे माणसं येतात, हळदीचा दर बघतात, फोन नंबर घेतात आणि जातात. एवढ्याला चौपट बिल?

आता कामाचं. नवीन मशीनवर पहिलं काम पासवर्डनं लॉगिन बंद करणं, आणि निम्मी जनता तिथंच फसते. उबंटूच्या (सर्व्हरवरचं लिनक्स) क्लाउड इमेजमध्ये एसएसएचच्या (दुरून लॉगिन करायची सोय) मुख्य फाइलच्या डोक्यावर एक ‘इन्क्लूड’ ओळ असते. ती ज्या फोल्डरकडं बोट दाखवते, तिथं नवीन मशीन उभं करणाऱ्या क्लाउड-इनिटनं ठेवलेली ‘५०’ आकड्याची फाइल सापडते. एसएसएच पहिल्यांदा दिसलेली सेटिंग धरतं. म्हणजे मुख्य फाइलमध्ये तुम्ही ऐटीत ‘नो’ लिहिलंत, पण त्या फाइलमध्ये ‘येस’ असेल तर दार सताड उघडंच. ‘एसएसएचडी’ (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) कॅपिटल टी लावून चालवा, खरंच काय लागू आहे ते छापून देतं. आणि जुनी खिडकी बंद करण्याआधी दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय का ते बघा.

दुसरं मेमरी. १ जीबीतले उबंटू आणि मायएसक्यूएल मिळून साडेपाचशे एमबी खातात. उरले साडेचारशे. वर्डप्रेसचा एक पीएचपी-एफपीएम चाइल्ड (एका वेळी एक पान बनवणारी प्रोसेस) ५० ते ६० एमबीचा. म्हणजे ‘मॅक्स चिल्ड्रन’ (अशा किती प्रोसेस एकदम चालू द्यायच्या) फार तर ८. लोक कुठलातरी लेख बघून ५० टाकतात. गर्दी झाली की मेमरी संपते, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सगळ्यात जाड प्रोसेस शोधून मारतो आणि ती नेमकी मायएसक्यूएल निघते. पडद्यावर डेटाबेस कनेक्शनची एरर येते, आणि भाऊ डेटाबेसचा पासवर्ड तपासत बसतात. ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदी) बघा, ‘आउट ऑफ मेमरी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. २ जीबीची स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) टाका. त्यानं साइट वेगवान होत नाही, पण मरायच्या आधी कण्हते, तेवढ्यात तुम्हाला कळतं.

तिसरं, सिक्युरिटी अपडेट आपोआप चालू ठेवा. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचची मोठी खोट जाहीर झाली, तेव्हा ज्यांचं हे चालू होतं त्यांच्याकडं दुरुस्ती आपसूक पोचली. कर्नल बदलला की मात्र रीबूट तुमच्याच हातानं.

हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. याला ‘हात लावू नका’ म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला मोटारीचा स्टार्टर दाबू नको म्हणण्यासारखं.

बेदाणा_बॉक्स
साहेब, स्टार्टर दाबायला कुणाची ना नाही. रात्री दोनला मोटार जळाली तर विहिरीत कोण उतरणार, एवढंच विचारतोय.

तुमचा अर्धा दिवस पहिल्या दिवसाचा. मी साठाव्या दिवसाचं बोलतो. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सर्टिफिकेट (ब्राउझरमधल्या कुलपामागचं) ९० दिवसांचं, ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्राम ३० दिवस उरले की नवं आणायला जातो. मधल्या काळात कुणीतरी ‘सिक्युरिटी’ म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट ८० बंद केलेलं असतं. एचटीटीपी चॅलेंज (साइट तुमचीच आहे ना ही तपासणी) तिथूनच येतं. रिन्यू फेल. पूर्वी निदान मुदत संपत आल्याची ईमेल यायची, जून २०२५ पासून तीही त्यांनी बंद केली.

दुसरा प्रकार याहून वाईट. सर्टिफिकेट नवं आलंय, डिस्कवर पडलंय, पण एनजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) रीलोडच झालं नाही. ते मेमरीतलं जुनंच दाखवत राहतं. सर्टबॉटचे ‘सर्टओन्ली’ आणि ‘वेबरूट’ हे पर्याय वापरून घेतलं असेल तर डिप्लॉय-हुक (नवं आलं की रीलोड करणारी आज्ञा) आपण लावायचा असतो. किती जण लावतात? आणि विकत घेतलेल्या सर्टिफिकेटवाल्यांनी हसू नये. कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा हातानं टाकायचे दिवस गेले.

अजून एक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश वाचलाय? लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे, हल्ल्याची घटना कळली की सहा तासांत कळवायचं. उबंटूवर एनजिनएक्सचे लॉग डीफॉल्ट १४ दिवसांत उडतात. तुमच्या अडत्याचा सर्व्हर फुटला आणि दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर दाखवणार काय? डोंबल?

टर्मिनल_मिरज
लॉगरोटेटमध्ये (जुने लॉग उडवणारा प्रोग्राम) १४ चे १८० करायला अर्धं मिनिट लागतं, कॉम्प्रेस चालू असेल तर एवढ्या साइटला जागाही नगण्य. पण हो, पहिल्या दिवसाच्या यादीत ते नव्हतं. घाला. खूश?

सर्टिफिकेटची तारीख बाहेरून तपासणारी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दुसऱ्या मशीनवर ठेवा, म्हणजे डिस्कवर काय आहे ते नाही, ब्राउझरला काय मिळतंय ते कळतं. आणि मॅनेज्डवाल्यांचं सगळं बंदच पडत नाही असं भासवू नका. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये डायनामोडीबी या डेटाबेस सेवेच्या डीएनएसची (नावावरून पत्ता शोधायची यंत्रणा) गडबड झाली, तेव्हा जगभरातले मॅनेज्डवालेही तुमच्यासारखेच हातावर हात ठेवून बसले होते.

बेदाणा_बॉक्स
बसले होते, पण त्यांच्या वतीनं दुसरं कुणीतरी जागं होतं. फरक तिथंच आहे, आणि तो तुम्ही मुद्दाम टाळताय.

कास_ते_कोयना
साताऱ्याकडून दोन आणे. इथं होमस्टेवाल्यांच्या बुकिंग साइट वर्षाचे दहा महिने झोपलेल्या असतात आणि कासला फुलं आली की शनिवारी सकाळी उठतात. अशांना सगळे टी३ मायक्रो (ॲमेझॉनचं छोटं भाड्याचं मशीन) घ्यायला सांगतात, पण क्रेडिटचं गणित कुणी सांगत नाही.

टी३ मायक्रोला तासाला १२ सीपीयू क्रेडिट (जोरात चालायची शिदोरी) मिळतात. हे दोन्ही व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) १० टक्क्यांवर चालतील एवढंच. शिल्लक जास्तीत जास्त २८८ साठते. जुन्या टी२ मध्ये क्रेडिट संपलं की मशीन रांगायला लागायचं. टी३ डीफॉल्ट ‘अनलिमिटेड’ असतं. ते रांगत नाही, बिल वाढवतं. जादा वापराला व्हीसीपीयू-तासाला ०.०५ डॉलर. दोन्ही व्हीसीपीयू महिनाभर पूर्ण तापले तर ६५ डॉलरच्या आसपास जादा, आणि मुंबईत मूळ मशीनच आठेक डॉलरचं! फुलं बघायला आलेल्या माणसांमुळं असं सहसा होत नाही. एखादा बॉट कॅलेंडरची पुढच्या दहा वर्षांची पानं चाळत बसतो. क्लाउडवॉचमध्ये (ॲमेझॉनची देखरेख सेवा) क्रेडिट शिल्लकेवर अलार्म लावा आणि कॅलेंडरच्या लिंका रोबॉट्स फाइलमध्ये (बॉटनं कुठं जायचं नाही ते सांगणारी) अडवा.

शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याचे (इंटरनेटवरचा मशीनचा नंबर) तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीनच्या वर. विसरलेल्या आयपीचं भाडं लोक वर्षभर भरतात.

कुपवाड_शेड
क्लाउडच कशाला राव? ३७सिग्नल्स या सॉफ्टवेअर कंपनीनं २०२२ ला क्लाउड सोडतो म्हणून सांगितलं आणि स्वतःचे सर्व्हर घेतले. ऑफिसात एक जुना डेल ठेवा, स्टॅटिक आयपी घ्या, विषय संपला.

बेदाणा_बॉक्स
त्यांचं २०२२ चं क्लाउड बिल ३२ लाख डॉलर होतं. इथल्या अडत्याचं महिना सहा डॉलर आहे. आणि त्यांनी ते सर्व्हर डेटासेंटरात ठेवलेत, लिंबू-मिरची बांधून शेडमध्ये नाही. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुमचा डेल कितव्या फुटावर आहे?

कुपवाड_शेड
कुपवाडात पाणी येत नाही.

बेदाणा_बॉक्स
वीज जाते की.

हळद_पेठ
मंडळी, मी तुमच्यातला न्हाई, गिऱ्हाइकाकडचा माणूस हाय, दुकानाचे हिशेब बघतो. मशीन कुणी सांभाळायचं ते तुम्ही ठरवा. पर ते मशीन, डोमेन आन् खातं नावावर कुणाच्या असतंय ते एक सांगा की. पेठेत चार दुकानांत इचारा, चारीकडं डोमेन प्रोग्रामरच्या ईमेलवर. त्यानं फोन उचलला न्हाई की पाटी दुसऱ्याची आन् दुकान आमचं.

टर्मिनल_मिरज
काका, दुसरी बाजूही ऐका. पहिल्या वर्षीचे पैसे मिळतात, दुसऱ्या वर्षी “काय केलंस रे तू, साइट तर चालूच आहे” असं ऐकवतात. रिन्यूअल आमच्या कार्डवरून जातं. खातं हातात नसेल तर आम्ही वसूल करायचं कशातनं?

हळद_पेठ
म्हंजे ओलीस ठेवायचं? हमालाकडं गोदामाची किल्ली असतीया, सातबारा नसतोय. आन् बिल तुमच्या नावानं आलं की १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट आमाला मिळत न्हाई. हजार रुपये वाचवायची भाषा करता, एकशे ऐंशी तिथंच गेले की!

टर्मिनल_मिरज
ओलीस हा शब्द मागे घ्या. फुकटात चार वर्षं अपडेट मारणाऱ्यांना हे ऐकवायचं नसतं.

कास_ते_कोयना
शब्द कडक आहे, मुद्दा मात्र काकांचा बरोबर. रीत साधी आहे. रूट (मुख्य) खातं मालकाच्या ईमेलवर, जीएसटी नंबर मालकाचा, एमएफएचं (पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कोडचं) ॲप मालकाच्या फोनवर आणि रिकव्हरी कोड छापून तिजोरीत. प्रोग्रामरला आयएएममधून (ॲमेझॉनची युजर आणि अधिकार वाटायची सोय) वेगळा युजर द्या, त्याला बिलिंगचा अधिकार नको. डोमेनच्या रजिस्ट्रंटच्या (नोंदणीकृत मालकाच्या) जागी दुकानाचं नाव. पैसे थकले तर काम थांबवा, नोटीस द्या, पण पाटी काढून नेऊ नका.

कार्डचंही ऐका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मँडेटशिवाय (ग्राहकानं आधी दिलेली मंजुरी) ऑटो-डेबिट जात नाही, आणि १५ हजारांवरच्या प्रत्येक कपातीला ओटीपी लागतो. परदेशी कंपनीच्या बिलाला मँडेट झालंच नाही तर पेमेंट फेल होतं, आणि स्मरणपत्रं जातात त्या ईमेलवर, जी कुणी उघडत नाही. मग खातं स्थगित. मशीन जातं ते जातंच, त्याच खात्यातले स्नॅपशॉटही (मशीनच्या डिस्कच्या प्रती) जातात. लोक त्याला बॅकअप म्हणतात.

बेदाणा_बॉक्स
आता कसं बोललात! गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवा. चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर उडवलं, आणि मग कळलं की पीजी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम) ९.२ आवृत्तीचा होता, डेटाबेस ९.६ चा. डंप रोज फेल होत होता. फेल झाल्याची ईमेल डीमार्कमुळं (खोट्या ईमेल अडवणारी तपासणी) नाकारली जात होती. बॅकअप ठेवायची एस३ ची (ॲमेझॉनची साठवण) बकेट रिकामी. सहा तासांचा डेटा गेला. ते सगळे जाणकार होते, टर्मिनल साहेब.

टर्मिनल_मिरज
आणि १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटासेंटर जळालं, तेव्हा ‘कंपनी बघून घेईल’ म्हणणाऱ्यांचं काय झालं? ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांची राख झाली. सेवा कुठलीही घ्या, डंप दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या खात्यात हवा. आणि सर्व्हरवर जी किल्ली ठेवाल तिला फक्त लिहायचा अधिकार द्या, पुसायचा नको, नाहीतर सर्व्हर फोडणारा बॅकअपही पुसून जाईल.

हळद_पेठ
हरिपूरला आमची पेवं होती तशी गत ही. जमिनीत खोल हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं, वर्षं न् वर्षं ऱ्हायची. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, आन् उघडल्यावर कळालं आत काय उरलंय ते. तुमचा डंप कोण उघडून बघतंय का?

टर्मिनल_मिरज
…काका, इथं मात्र निरुत्तर केलंत. महिन्यातून एकदा तासावर भाड्यानं मशीन घ्यायचं, डंप त्यात रिस्टोअर करायचा, शेवटच्या नोंदीची तारीख बघायची, मशीन पाडून टाकायचं. खर्च दोन-चार रुपये. बहुतेक जण करत नाहीत.

बेदाणा_बॉक्स
‘बहुतेक जण’ म्हणजे कोण, ते विचारत नाही. चला, अर्धं मान्य करतो: जो हा रिस्टोअर दर महिन्याला करतो त्यानं खुशाल स्वतःचा सर्व्हर चालवावा. माझी पोस्ट उरलेल्यांसाठी होती, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी.

कराड_नाका
उशिरा आलो. डॉकरवाल्यांनी (ॲप कंटेनर नावाच्या डब्यात चालवणाऱ्यांनी) एक तपासा. कंटेनरचं पोर्ट नुसतं ५४३२ असं उघडलं तर यूएफडब्ल्यूचा (उबंटूची फायरवॉल) नियम त्याला लागत नाही, डॉकर आयपीटेबल्समध्ये (त्याखालची कर्नलची नियमयादी) स्वतःची वाट काढतो. यूएफडब्ल्यू स्टेटसमध्ये ते पोर्ट बंद दिसत असतं आणि पोस्टग्रेस जगाला उघडा. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त त्याच मशीनवरून) लावा, मग घरच्या नेटवरून एनमॅप (उघडी पोर्ट शोधणारा प्रोग्राम) मारून बघा.

टर्मिनल_मिरज
बघितलं. जरा थांबा.

बेदाणा_बॉक्स
थांबतोय. आम्ही सगळेच थांबतोय.

हळद_पेठ
आमच्या प्रोग्रामरला हा धागा पाठवला. डोमेन कुणाच्या नावावर हाय इचारलं. “बघतो” म्हणाला.