एका जोडावर पावसाळा निघेल का?

गोडोलीची पहाट

नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीला राहते, शाळेत शिकवते, वय ४१. डिसेंबरात शूज घेतले तेव्हापासून नेमाने पळते. आठवड्यातून चार दिवस, मिळून २८ किलोमीटरच्या आसपास. दोन दिवस शाहू स्टेडियम, एक दिवस पोवई नाक्यावरून राजवाड्यापर्यंत आणि परत, रविवारी समर्थ मंदिर, बोगदा करत यवतेश्वरचा घाट जमेल तितका. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन पहिल्यांदाच करणार आहे. नाव नोंदवून झालंय, आता माघार नाही.

अडचण अशी की पंधरा दिवस झाले, डावी नडगी आतल्या बाजूने दुखतेय. आधी पळताना दुखायची आणि थांबलं की दुखणं थांबायचं, आता जिना उतरतानाही जाणवते. त्यात हा पाऊस. शूज आज भिजले की परवापर्यंत ओलेच. काल फ्रिजच्या मागे ठेवले होते, सकाळी मुलगा नाक धरून फिरत होता.

मिस्टर म्हणतात सोल तर नवा दिसतोय, कशाला पैसे घालवतेस. आणि दिसतोही नवाच. शिवाय जोड साडेअकरा हजारांचा. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात मला ट्रेडमिलवर पळवलं, मागून व्हिडिओ काढला आणि पाय आत वळतोय म्हणून हा जड, कडक जोड गळ्यात मारला. पहिल्या दिवसापासून मला तो आवडलेला नाही, पण एवढे पैसे मोजलेत म्हटल्यावर घालतेच आहे.

दुसरा घ्यायचा का? घेतला तर असाच की वेगळा? आणि दोन जोड आलटून पालटून वापरतात ते खरंच उपयोगाचं, की कंपन्यांनी काढलेलं खूळ?

कृष्णाकाठ सांगली

ताई, कार्बन प्लेटवाला, म्हणजे सोलमध्ये कडक कार्बनची पट्टी असलेला जोड घेऊन टाका. मी आयर्विन पुलावरून रोज त्यातच पळतो. पाय आपोआप उचलतो. हौसेला मोल नसतं!

टायरमामा

सांगलीकर, तुमची सपाटी वेगळी, आमचा घाट वेगळा. प्लेटवाला जोड शर्यतीसाठी असतो. रोज दळण आणायला नवरदेवाची घोडी कोण काढतं का?

ताई, मी एसटीच्या टायर सेक्शनला ३१ वर्षं काढली. रिटायर झाल्यावर पळायला लागलो, आता ६३ चालू आहे. म्हणून आधी मिस्टरांच्या सोलबद्दल बोलतो. टायर बाहेरून मरतो. नक्षी गेली की दिसतं, वेळेत काढला तर रिमोल्ड करून मागच्या चाकाला पुन्हा चालतो. बूट आतून मरतो. खालचं रबर शाबूत असतं आणि मधला फोम बसलेला असतो. आयुष्यभर टायर बघितलेला मी, तरी नक्षी बघूनच फसलो. पहिला जोड दीड वर्ष घातला आणि मग चार महिने गुडघा धरून बसलो.

आता तुमचा हिशोब. डिसेंबर ते जुलै, ३० आठवडे धरा. २८ गुणिले ३० म्हणजे ८४० किलोमीटर. साधारण ५०० ते ८०० मध्ये बहुतेक बुटांचा जीव संपतो. माणसाचं वजन, रस्ता, पळण्याची तऱ्हा यावर शे-दोनशे इकडे तिकडे. तुमचा जोड वरच्या आकड्याच्याही पुढे गेलाय. घरी एवढं करा. दोन्ही बूट टेबलावर ठेवा, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि मागून बघा, टाच एका अंगाला कललीय का. मग टाचेखालच्या रबराच्या वर, कडेच्या फोमवर अंगठा दाबा. ताज्या फोममध्ये अंगठा रुततो आणि सोडला की फोम वर येतो. मेलेल्याला आडव्या सुरकुत्या असतात आणि साबणाची वडी दाबल्यासारखं लागतं. तुमचा मुळातच कडक आहे म्हणता, तेव्हा अंगठ्यापेक्षा सुरकुत्यांवर भरवसा ठेवा.

व्हिडिओ काढून बूट ठरवण्याचं म्हणाल तर माझी मुलगी फिजिओथेरपी शिकते, तिने मला वाचून दाखवलं होतं. अमेरिकेच्या सैन्यात भरती झालेल्या पोरांना तळव्याची कमान बघून बूट नेमून दिले, तरी दुखापती काही कमी झाल्या नाहीत. पाय थोडा आत वळणं हे दुखणं नव्हे, धक्का पचवायची ती पायाची रीतच आहे. घालून दुकानात दहा पावलं पळताना जो बूट विसरायला होतो, तो आपला. तुम्हाला पहिल्या दिवशीच नको वाटला होता ना? पायाला कळलं होतं, पाकिटाला कळलं नाही.

दोन जोडांचं खूळ नाही. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावणाऱ्यांवर २२ आठवडे नजर ठेवली होती. एकापेक्षा जास्त जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी निघाला. कारण म्हणून फोमला विश्रांती लागते असं सगळे सांगतात. मला त्यात फार दम वाटत नाही. खरी गोष्ट अशी असावी की बूट बदलला की पायाला बसणारा मार थोडा सरकतो. रोज त्याच हाडावर, त्याच शिरेवर घण पडत नाही. म्हणून दुसरा जोड पहिल्याची जुळी बहीण नको. एक जरा जाड, मऊ, लांब पल्ल्याला आणि निवांत पळायला. दुसरा हलका, घट्ट बसणारा, स्टेडियमवर वेगात पळायला.

आणि आपल्याकडे दुसरं कारण पाऊस! जून ते सप्टेंबर साताऱ्यात एका जोडावर निघतच नाही. ओला बूट जड होतो, आत पाय सरकतो, फोड येतात. आल्या आल्या आतला तळवा काढून वेगळा ठेवा, बुटात रद्दी पेपर कोंबा, तासाभराने ओला पेपर काढून कोरडा भरा, मग पंख्याखाली. फ्रिजची मागची बाजू, गॅसशेजारी, गीझरवर, कुठेही गरम जागी नको. डिंक सुटतो आणि फोम आवळतो. वॉशिंग मशीन तर नकोच नको.

मेणवली रोड

मामांचं सगळं पटलं, पण नडगीचं आधी बघा. दुखणं वीतभर पसरलेलं असेल तर विश्रांतीने उतरतं. एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तिथे हाडावर दाबलं की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं बंद आणि हाडांचे डॉक्टर. मी ‘शूजचं दुखणं आहे’ म्हणत महिनाभर पळत राहिले आणि हाडाला बारीक चीर निघाली. नऊ आठवडे घरी. सासूबाई रोज विचारायच्या, कुणी सांगितलं होतं?

गोडोलीची पहाट

सगळ्यांचे आभार. बोटाने दाबून पाहिलं. एक जागा नाही, चार-पाच बोटं लांब दुखतंय, रात्री काही नाही. तरी फिजिओकडे जाऊन आले. दहा दिवस घाट बंद आणि पोटरीचे व्यायाम. टेबलावरची परीक्षाही केली. डावा बूट आतल्या अंगाला चक्क झुकलाय. मिस्टरांना तिथेच वाकून बघायला लावलं. काही बोलले नाहीत, पण एटीएम कार्ड काढून दिलं.

आता शनिवारी खरेदीला जाणार. ड्रॉप, ड्रॉप म्हणतात त्याचं काय करायचं?

टायरमामा

टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक म्हणजे ड्रॉप. ८ ते १० मिलिमीटर असेल तर पोटरीला सोपं, गुडघ्याला थोडं जास्त काम. ४ किंवा शून्य असेल तर उलटं. तुम्हाला घाट चढायचाय, पोटरी आधीच ताणलेली. सप्टेंबर होईपर्यंत ८-१० च्या खाली जाऊ नका.

संध्याकाळी जा, दिवसभर उभं राहून पाय फुगलेला असतो. पळायचे मोजे घेऊन जा. उभं राहून अंगठ्यापुढे एक बोटाची जागा हवी. लोक चढाला घाबरतात, पण नखं काळी होतात ती यवतेश्वर उतरताना, बोटं पुढे आपटून. बुटाला घोट्याजवळ एक जादा भोक असतं, कुणी वापरत नाही. लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फासा करा, समोरची लेस त्यातून ओढून बांधा. टाच जागची हलत नाही.

सोल उलटा करून बघा. टाच आणि चवड्याखाली खरं रबर हवं. नुसता उघडा फोम घाटातल्या शेवाळावर साबणासारखा सटकतो. रंगासाठी पैसे देऊ नका. कंपनीने नवं मॉडेल काढलं की मागच्या वर्षीचाच बूट स्वस्तात मिळतो.

आणि घरी आल्यावर बुटाच्या जिभेच्या आत मार्करने तारीख टाका. आम्ही टायर चढवला की नंबर आणि किलोमीटर वहीत लिहायचो, तशी वही करा.

गोडोलीची पहाट

घेतला. मागच्या वर्षीचा, पाच हजार नऊशेला, विटकरी रंगाचा. मुलगा म्हणतो कौलासारखा दिसतो. मंगळवारी स्टेडियमवर तीनच किलोमीटर पळाले, नडगी गप्प होती. दुसरा हलका जोड दिवाळीला बघू, तोवर एखादा दिवस बुडाला तर बुडाला, ओल्यात पळणार नाही.

जुना जोड टाकणार होते, तर सासूबाईंनी उचलला. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाते म्हणाल्या. चालेल ना?

टायरमामा

चालण्याला चालेल. पण कललाय म्हणता, पावसात गडाच्या उतारावर नको. सपाटीला, भाजी आणायला घालू द्या. तारीख टाकली का?

गोडोलीची पहाट

टाकली. २६ जुलै. वहीत सहा किलोमीटर झालेत.